चिठ्ठी हातांत, औषध दुकानांत

डॉक्टरानें रोगी तपासला, रोग ओळखिला आणि चिठ्ठी लिहून दिली, म्हणजे उपचार झाला अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची समजूत आहे. गरिबाच्या घरीं मात्र खरी विपत्ति चिठ्ठी हातांत पडल्यावरच सुरू होते. कोणत्याहि शहरांतील औषधाच्या दुकानापुढें सायंकाळीं अर्धा तास उभें राहावें. ‘सगळीं नकोत, चार दिवसांपुरतीं द्या’ असें हलक्या आवाजांत सांगणारें एक तरी गिऱ्हाईक दिसल्यावांचून राहणार नाहीं. दुकानदार कात्रीनें पट्टी कापतो, चार गोळ्या पुडींत घालतो आणि उरलेली पट्टी पुनः खणांत टाकतो. रक्तदाबाची गोळी मधेंच सोडल्यास अर्धांगाचा झटका येऊं शकतो, जंतुनाशक औषध अर्धवट घेतल्यास रोग उलटून बळावतो, हें दुकानदारास ठाऊक असतें आणि पुष्कळदां गिऱ्हाइकासहि ठाऊक असतें. परंतु खिशांत जितकें असेल तितकेंच औषध घेतां येतें. तेथें ज्ञानाचा कांहीं उपयोग होत नाहीं. (जातां जातां एवढें सांगून ठेवतों कीं, पट्टी कापून विकतांना छापील किमतीच्या प्रमाणाबाहेर एक पैसाहि अधिक घेण्यास २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वयें बंदी आहे.)

सरकारपक्षाचें म्हणणें प्रथम ऐकून घेणें न्यायाचें होईल. देशांत आरोग्यावर होणाऱ्या एकंदर खर्चापैकीं लोकांच्या खिशांतून परभारें जाणारा भाग २०१३-१४ सालीं ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ सालीं ३९.४ टक्क्यांवर आला, असें राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत नमूद आहे. हें यश खोटें म्हणण्याचें आम्हांस कारण नाहीं. महाराष्ट्रांत २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व पुढें महात्मा जोतिराव फुले यांचें नांव धारण केलेली जनआरोग्य योजना आज सर्व नागरिकांस खुली असून तिची मर्यादा दर कुटुंबास दर सालीं ५ लाख रुपयांपर्यंत गेली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. क्षयाचें औषध सर्वांस फुकट मिळतें. इतकेंच नव्हे, तर क्षयरोग्याच्या आहारासाठीं २०१८ पासून मिळणारे दरमहा ५०० रुपये २०२४ च्या नोव्हेंबरांत १,००० झाले. एचआयव्हीवरील औषध २००४ पासून सरकार फुकट देत आहे. एवढें सारें असतांना रड कसली, असें कोणी विचारील.

रड अशी कीं, या योजनांपैकीं ज्या मोठ्या आहेत त्या खाटेला बांधलेल्या आहेत. मनुष्य रुग्णालयांत आडवा झाला, म्हणजे त्यास शस्त्रक्रिया आहे, औषध आहे, जेवणहि आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेंत भरती होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरीं गेल्यावरचे पंधरा दिवस यांचा औषधखर्च धरला आहे. सोळाव्या दिवशीं काय? मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, अपस्मार, मनोविकार हे रोग पंधरा दिवसांत घर सोडून जाणारे पाहुणे नव्हेत; ते जन्माचे भाडेकरू आहेत. त्यांचें औषध उभ्या माणसास लागतें, दुकानांत, शेतांत, कचेरींत काम करणाऱ्या माणसास लागतें, आणि नेमक्या त्याच माणसाकडे योजनेची पाठ आहे.

समजा, एखाद्या पेढीवर जमाखर्च लिहिणारा मुनीम आहे. दरमहा २० हजार रुपये पगार, घरांत चार माणसें. त्यास मधुमेह व रक्तदाब दोन्ही आहेत आणि औषधांस महिन्यास तीन हजार रुपये लागतात. हे तीन हजार द्यावे तर मुलांची फी तुंबते. न द्यावे तर साखर वाढते. तो काय करतो? दोन गोळ्यांची एक करतो, रोजची एक दिवसाआड करतो, आणि डॉक्टरास ‘नियमित घेतों’ असें सांगतो. पांच-सात वर्षांनीं पायास जखम होऊन ती चिघळते, किंवा मूत्रपिंडें निकामी होतात. त्या दिवशीं सरकार जागें होतें! पाय कापण्याचा खर्च योजनेंत बसतो. डायलिसिसचा खर्चहि बसतो, त्यासाठीं तर २०१६ पासून एक स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. म्हणजे जी गोळी वेळेवर मिळती तर पाय वांचता, ती गोळी देण्यास तिजोरींत पैसा नाहीं. पाय कापावयास मात्र आहे. कोणत्याहि व्यापाऱ्यास असा हिशेब दाखविला तर तो हिशेब लिहिणाऱ्यास दुसरे दिवशीं घरीं बसवील.

परंतु व्यापाऱ्यांचें नांव निघालें आहे, तर त्यांच्याशींच दोन शब्द स्पष्टपणें बोललें पाहिजे. कारण या पत्राचे वाचक बहुतांशीं तेच आहेत. १९४८ च्या कायद्यानें सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना ही आमच्या माहितींतील अशी एक मोठी योजना आहे कीं, जींत खाटेवर न पडतांहि विमेदारास व त्याच्या कुटुंबास औषध मिळतें. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला नोकर तींत येतो, वेतनाच्या ३.२५ टक्के मालकानें भरावयाचे आणि ०.७५ टक्के नोकरानें. वर सांगितलेला मुनीम या मर्यादेच्या आंत आहे. त्याच्या पेढीस कायदा लागू असेल आणि मालकानें नोंद केली असेल, तर त्याचें निम्मेंअधिक संकट टळलें. मग नोंद कां होत नाहीं? हजेरीपटावर सात नांवें आणि दुकानांत सतरा माणसें, हा प्रकार बाजारपेठेंत इतका रुळला आहे कीं, त्यांत कोणास लाजहि वाटत नाहीं. साडेसहाशे रुपये वांचविण्यासाठीं नोकराचें औषध बुडविणारा गृहस्थ वर्षअखेर अन्नदानाची पंगत घालतो व त्याचा फोटो आमच्याकडे छापावयास पाठवितो! विमा दवाखान्यांत गैरसोय असते, रांगा लांब असतात, औषध कधीं कधीं शिल्लक नसतें, ही तक्रार खरी आहे. पण ती तक्रार वर्गणी भरणाऱ्यानें करावयाची आहे, न भरणाऱ्यानें नव्हे.

आतां धर्मादाय रुग्णालयांकडे वळूं. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यांतील कलम ४१ कक हें आमच्या वाचकांनीं नीट समजून घ्यावें, कारण तें याचना करावयास सांगत नाहीं, हक्क देतें. त्या कलमाच्या आधारें मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं एक योजना मंजूर केली. तिच्याप्रमाणें प्रत्येक धर्मादाय रुग्णालयानें दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठीं पूर्णपणें निःशुल्क व दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठीं सवलतीच्या दरानें राखावयाच्या आहेत. इतर रुग्णांच्या एकंदर बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधींत जमा करावयाची आहे. औषधाच्या प्रश्नाचा गाभा पुढेंच आहे. निर्धनाचें औषध या निधींतून द्यावयाचें. दुर्बल घटकांतील रुग्णास औषध रुग्णालयाच्या खरेदीच्या भावानें लावावयाचें आणि त्या बिलाचा निदान निम्मा भाग त्यानें सोसावयाचा. ‘खरेदीच्या भावानें’ हे शब्द पुनः एकदां वाचावे. छापील किंमत आणि खरेदीचा भाव यांत किती अंतर असतें हें औषधाचा घाऊक व्यापार करणाऱ्यांस सांगावयास नको. उत्पन्नाची मर्यादा पूर्वीं हास्यास्पद होती. ती वाढत वाढत निर्धनासाठीं वार्षिक १ लाख ८० हजार व दुर्बल घटकासाठीं ३ लाख ६० हजार रुपये इतकी झाली आहे. तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका जवळ असावी. आणि तातडीच्या प्रसंगीं तर अनामत रक्कम न मागतां प्रथम रुग्णास दाखल करून घेणें हें रुग्णालयाचें कर्तव्य आहे. २०२५ सालीं पुण्यांतील एका गर्भवती स्त्रीच्या मृत्यूनें या अनामतीचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रांत गाजला, तो वाचकांच्या स्मरणांत असेलच.

कायदा इतका स्पष्ट असतां अनुभव उलटा कां येतो? आमच्या मतें त्याचें एक कारण रुग्णालयांच्या लोभांत आहे आणि दुसरें आपल्या अज्ञानांत. धर्मादाय हा शब्द इमारतीच्या पाटीवर असतो, जमीन सवलतीनें घेतांना असतो, कर भरण्याच्या वेळीं असतो. बिलाच्या खिडकीवर मात्र तो सांपडत नाहीं. खिडकीवरचा कारकून आपण होऊन ‘तुमचें उत्पन्न काय?’ असें विचारीत नाहीं. आणि नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांस योजनेचें नांवहि माहीत नसतें. बायकोच्या पाटल्या मोडून बिल चुकतें केल्यावर महिन्यानें कोणी तरी सांगतो कीं, अर्ज केला असता तर निम्में माफ झालें असतें. अर्ज दाखल होतांच करावयाचा असतो, घरीं सोडण्याच्या दिवशीं नव्हे. रुग्णालयांतील समाजसेवा अधिकाऱ्यास भेटावयाचें असतें आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागावयाचा असतो. लेखी नकार घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत जातां येतें. तोंडी नकाराचें कोणत्याहि न्यायासनापुढें कांहीं चालत नाहीं, हें वीस वर्षांच्या वकिलीनें आम्हांस पुरतें शिकविलें आहे.

या निधीसंबंधानें विश्वस्तांसहि एक प्रश्न आहे. शहरांतील पुष्कळ रुग्णालयांच्या विश्वस्तमंडळांवर व्यापारीच बसलेले असतात. त्यांपैकीं कितीजणांनीं सभेंत उठून विचारलें आहे कीं, दोन टक्क्यांच्या खात्यांत यंदा किती जमा झालें, किती खर्चीं पडलें, आणि त्यांतलें औषधांवर किती? आपल्या दुकानाची शिलकी रोज रात्रीं मोजणारा गृहस्थ गरिबांच्या खात्याची शिलकी वर्षांत एकदां तरी मोजावयास तयार नसेल, तर त्यानें विश्वस्त ही पदवी अंगावर वागवूं नये.

तिसरी बाब स्वस्त औषधांची. जेनेरिक म्हणजे मूळ द्रव्याच्या नांवानें विकलें जाणारें औषध; त्यासाठीं २००८ सालीं अमृतसर येथें पहिलें जनऔषधि दुकान निघालें आणि २०२३ च्या अखेरीपर्यंत अशा दुकानांची संख्या दहा हजारांवर गेली. तेथील भाव बाजारांतील आघाडीच्या छापांच्या सरासरी भावाच्या निम्म्याहून अधिक नसतो, पुष्कळदां तो फारच कमी असतो. मग लोक तेथें कां जात नाहींत? येथें कायद्याची एक गांठ आहे. १९४५ च्या औषध नियमावलींतील ६५ व्या नियमान्वयें चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजीं, त्याच द्रव्याचें कां होईना, दुसरें औषध दुकानदारास आपल्या अधिकारांत देतां येत नाहीं. डॉक्टरानें कंपनीचें नांव लिहिलें कीं रोगी त्या कंपनीस बांधला गेला. ही गांठ सोडविण्याचा अधिकार एकट्या डॉक्टराच्या लेखणींत आहे. वैद्यकीय परिषदेनें २०१६ सालीं आपल्या नियमांत दुरुस्ती करून औषधें मूळ नांवानें, सुवाच्य व शक्यतों मोठ्या अक्षरांत लिहावीं असें सांगितलें. (सुवाच्य या शब्दाची या धंद्यांत काय दशा झाली आहे तें चिठ्ठी वाचण्याचा यत्न केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.) २०२३ च्या ऑगस्टांत राष्ट्रीय वैद्यक आयोगानें याहून कडक नियम काढिले आणि डॉक्टरांच्या संघटनांनीं ओरड करतांच त्याच महिन्यांत ते स्थगित केले. तथापि जुना नियम जिवंतच आहे. रोग्यानें ‘डॉक्टरसाहेब, मूळ नांव लिहून द्या’ असें नम्रपणें म्हणण्यांत कसलाहि उद्धटपणा नाहीं.

डॉक्टरांच्या बाजूचा एक आक्षेप मात्र आम्हीं उडवून लावूं इच्छित नाहीं. स्वस्त औषधाच्या गुणाची हमी कोण देणार, असें ते विचारतात. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्यानें चौदा रोगी प्राणास मुकले आणि न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशी आयोगानें औषध खात्यांतील घाण चव्हाट्यावर आणिली, हें महाराष्ट्रास विसरतां येणार नाहीं. पण या इतिहासावरून निघतें तें इतकेंच कीं, तपासणी कडक पाहिजे. किंमत वाढविल्यानें तपासणी होत नसते. त्याकरितां निरीक्षक पाहिजेत, प्रयोगशाळा पाहिजेत आणि त्यांचे अहवाल वेळेवर बाहेर आले पाहिजेत. महाग औषध चांगलें असलेंच पाहिजे, हा तर्क पेठेंतील कोणताहि अनुभवी गिऱ्हाईक कापडाच्या बाबतींतहि मान्य करणार नाहीं.

राहिलीं फार महागडीं औषधें. कर्करोगाच्या एका औषधावरून नोव्हार्टिस कंपनीनें आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडा नेला. तिचें औषध दरमहा सुमारें १ लाख २० हजार रुपयांस पडत होतें आणि देशी कंपन्यांचें तेंच द्रव्य सुमारें आठ-दहा हजारांस मिळत होतें. १ एप्रिल २०१३ रोजीं न्यायालयानें पेटंट कायद्याच्या कलम ३ (ड) चा आधार घेऊन कंपनीचा दावा फेटाळला. कंपनी हजारों भारतीय रुग्णांस तें औषध फुकट देत होती आणि तसें सांगतहि होती. यांत खोटें कांहीं नव्हतें. पण ज्याची किंमत आपणच ठरवावयाची आणि ज्यावर सूटहि आपणच द्यावयाची, त्या दानावर राष्ट्राचें आरोग्य टांगून ठेवतां येत नाहीं. दाता ज्या दिवशीं हात आंखडता घेईल त्या दिवशीं घेणारा उघडा पडतो. २०१२ सालीं सोराफेनिब या औषधासाठीं सक्तीचा परवाना निघाला, तेव्हां दरमहा २ लाख ८० हजारांचें औषध नऊ हजारांच्या आंत आलें. कायद्यांतील ती तरवार अजून आहे, फक्त ती म्यानांतून पुनः निघालेली नाहीं. असो. आज ज्याच्या घरांत असा रोगी आहे त्यानें कंपनीच्या साहाय्य योजनेची चौकशी अवश्य करावी. अमुक मात्रा विकत घेतल्यास पुढील मात्रा फुकट, अशा योजना पुष्कळ औषधांस असतात. दुर्मिळ रोगांकरितां २०२१ च्या राष्ट्रीय धोरणांत ठराविक केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेविलें आहे व मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय त्या केंद्रांपैकीं एक आहे. मुख्यमंत्री साहाय्यता निधि आहे, तसाच पंतप्रधानांचा निधिहि आहे. हा दुसरा निधि १९४८ सालीं पाकिस्तानांतून आलेल्या निर्वासितांसाठीं निघाला होता. मात्र यांतील बहुतेक पैसा पुनः रुग्णालयाकडेच, खाटेकडेच जातो, हें ध्यानांत ठेवावें.

मग रोजच्या गोळीचें काय करावें? हें कोडें आपल्याच देशांत दोन ठिकाणीं बव्हंशीं सुटलेलें आहे. तामिळनाडूनें १९९४ सालीं औषधखरेदीचें एक महामंडळ काढिलें. साऱ्या प्रांताची खरेदी एकत्र, जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारें, प्रत्येक रुग्णालयास एक पासबुक, आणि प्रयोगशाळेचा दाखला आल्याशिवाय माल कोठाराबाहेर जावयाचा नाहीं. राजस्थाननें २ ऑक्टोबर २०११ पासून त्याच धर्तीवर सरकारी रुग्णालयांतून निःशुल्क औषध योजना सुरू केली; तींत बाह्यरुग्णहि आहेत. महाराष्ट्रानें वैद्यकीय वस्तु खरेदीचें प्राधिकरण काढिलें तें २०२३ सालीं, म्हणजे तामिळनाडूच्या मागाहून एकोणतीस वर्षांनीं! त्याच वर्षीं ऑक्टोबराच्या आरंभीं नांदेडच्या सरकारी रुग्णालयांत चोवीस तासांत चोवीस रोगी दगावले. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, सरकारनें तो नाकारिला, आणि उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली. आरोप-प्रत्यारोप कांहींहि असोत. सरकारी दवाखान्यांतून ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी घेऊन निघालेला मनुष्य ज्या प्रांतांत रोज दिसतो, तेथें निःशुल्क उपचाराच्या घोषणेचा अर्थ काय समजावा?

एकत्र खरेदीचें बळ सरकारासच आहे असेंहि नाहीं. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकारानें २०१२ सालीं जें राष्ट्रीय कर्करोग जाळें उभें राहिलें, त्यांतील रुग्णालयांनीं मागणी एकवटून कर्करोगावरील औषधांच्या किमती पुष्कळच खालीं आणिल्या. घाऊक गिऱ्हाइकास भाव मिळतो, यापलीकडे त्यांत कांहीं गूढ नाहीं. आणि हें शास्त्र आमच्या व्यापारी वाचकांस कोणी शिकवावें? २०२५ च्या सप्टेंबरांत बहुतेक औषधांवरील वस्तु व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हां ती बचत गिऱ्हाइकाच्या पदरांत पडावी म्हणून व्यापारी मंडळांनीं पत्रकें काढिलीं. आतां त्याच मंडळांनीं पुढचें पाऊल टाकावें. शहरांतील धर्मादाय रुग्णालयांनीं मधुमेह, रक्तदाब, दमा व अपस्मार यांवरील नेहमींचीं वीस-पंचवीस औषधें मूळ नांवानें एकत्र खरेदी करावीं, आणि १ लाख ८० हजारांच्या आंत उत्पन्न असलेल्यांस तीं महिन्याच्या महिन्यास खरेदीच्या भावानें खिडकीवर द्यावीं. जागा आहे, औषधनिर्माते आहेत, हिशेब ठेवणारे आहेत. निर्धन रुग्ण निधींतून बाह्यरुग्णाच्या या औषधांस हात लावतां येईल कीं नाहीं, असा कायदेशीर संशय कोणत्याहि विश्वस्तमंडळास असल्यास त्यानें धर्मादाय आयुक्तांकडे लेखी विचारणा करावी. त्या अर्जाचा मसुदा आमच्या कचेरींत फुकट तयार करून मिळेल.